घरच्या टाकीतले अवघड कोरल : कोणता कशाने मरतो, आणि मुंबईत काय सांभाळावं लागतं

दर्याकिनारा:

रीफ टाकीच्या, म्हणजे कोरल पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, बहुतेक याद्यांमध्ये 'सोपे', 'मध्यम', 'अवघड' असे तीन रकाने असतात. अवघडच्या रकान्यात गोनिओपोरा, ॲक्रोपोरा, सूर्यप्रवाळ, डेंड्रोनेफ्थिया, एलिगन्स हे सगळे एकत्र कोंबलेले असतात. त्या रकान्याचा नव्या माणसाला काही उपयोग होत नाही, कारण यातला प्रत्येक जण वेगळ्या कारणाने मरतो. ॲक्रोपोरा पाण्यातल्या चढउतारांनी मरतो. सूर्यप्रवाळ आणि डेंड्रोनेफ्थिया भुकेने मरतात. गोनिओपोरा महिनोन्‌महिने बरा दिसतो आणि आतून झिजत जातो. एलिगन्स बऱ्याचदा आपल्या हातात येतो तेव्हाच आजारी असतो.

उपायही एकमेकांच्या विरोधात जातात. ॲक्रोपोरासाठी नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलं की गोनिओपोराची उपासमार सुरू. सूर्यप्रवाळाला पोटभर खाऊ घातलं की फॉस्फेट चढतं आणि ॲक्रोपोरा तपकिरी पडतो. म्हणून आधी ठरवा की टाकी कोणासाठी आहे, मग यंत्रं घ्या. एकाच ३०० लिटरमध्ये सगळे ठेवायचा हट्ट हेच मला अपयशाचं सर्वांत मोठं कारण वाटतं.

वर मुंबईची भर वेगळी. आपल्याकडे बंद घरात मे महिन्यात दुपारी ३३ अंश सहज होतात, आणि दिवे-पंप टाकीत दोनेक अंशांची भर घालतात. कोरलला २५ ते २६.५ हवेत. पाणी २९-३० वर बरेच दिवस राहिलं की पेशींमधली शैवालं बाहेर टाकली जातात आणि कोरल पांढरा पडतो. त्यामुळे परदेशी मार्गदर्शकांमधलं हीटरचं प्रकरण बाजूला ठेवून आपल्याला थंड करण्याचं प्रकरण आधी सोडवावं लागतं.

या धाग्यात एकेका कोरलवर बोलू. ज्यांना ज्याची माहिती आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

मीनल_गोरेगाव:

छान धागा. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. ३०० लिटर टाकी, खाली संप (फिल्टरची टाकी), हॉलमध्ये एसी नाही. पाण्यावर दोन क्लिप पंखे लावले तर चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, भागेल का? डिसेंबरात पंख्यावर २५ पर्यंत येतं म्हणतात.

खारफुटी:

मीनलताई, डिसेंबर-जानेवारीत भागेल, एप्रिलपासून नाही. यामागे साधं गणित आहे. पंखा पाणी थंड करतो ते बाष्पीभवनाने, आणि बाष्पीभवनाने पाणी 'ओल्या फडक्याच्या तापमाना'च्या, म्हणजे वेट बल्बच्या, खाली जाऊ शकत नाही. खोलीत २८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण २०.५ येतो, भरपूर वाव आहे. मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्के धरा, वेट बल्ब २७.५. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के, तो जवळपास २८. प्रत्यक्षात पाणी वेट बल्बच्या दीड-दोन अंश वरच अडतं. म्हणजे पंखे कितीही वाढवा, मे ते जुलै पाणी २९ च्या आसपास राहणार. पावसाळ्यात हवा गार वाटते म्हणून चिलर बंद करणारे नेमके तिथे फसतात.

चिलर घेताना डब्यावर लिहिलेले लिटर बघू नका. ते किती तापमानाच्या खोलीसाठी आहेत हे माहितीपत्रकात शोधा. ३०० लिटर पाणी एक अंश थंड करायला सुमारे ०.३५ युनिट उष्णता काढावी लागते, चार अंशांसाठी १.४ युनिट. शिवाय दिव्यांची आणि पंपांची उष्णता दिवसभर येतच असते. माझ्या मते ३०० लिटरला मुंबईत पाव हॉर्सपॉवरच्या खाली जाऊ नये. लहान यंत्र मे महिन्यात चोवीस तास चालतं, तरी आकडा गाठत नाही आणि कॉम्प्रेसर लवकर जातो.

तो ठेवायचा कुठे? हॉलमध्ये ठेवला तर काढलेली उष्णता हॉलमध्येच सोडणार, मग खोली तापणार आणि तोच पुन्हा राबणार. ड्राय बाल्कनी सर्वांत बरी. पाइप लांब झाला तर पंपाचा जोर कमी पडतो, म्हणून चिलरला लागणारा प्रवाह शेवटच्या टोकाला बादली आणि घड्याळ लावून मोजा. गार पाइपवर फोमचं आवरण घाला, नाहीतर पावसाळ्यात त्यावर दव धरून भिंत ओली राहते. पावसाची झड थेट बसणार नाही असा आडोसा हवा. मागची जाळी महिन्याला ब्रशने साफ करा. किनाऱ्याजवळच्या इमारतींत खारी हवा आणि धूळ मिळून तिच्यावर थर धरतो.

सेटिंग २६, फरक ०.५. वीजबिल जड जात असेल तर उन्हाळ्यात २६.५ ठेवा, पण एकदा ठेवलं की रोज बदलू नका.

दर्याकिनारा:

यात एक जोड. चिलर बंद पडला तर पहिलं काम म्हणजे दिवे ५० ते ७० टक्के कमी करणं. उष्णता आणि तीव्र प्रकाश एकत्र आले की पेशींमधल्या शैवालांकडून घातक ऑक्सिजन तयार होतो, नुकसान तिथे होतं. अंधारात कोरल तीच उष्णता जास्त वेळ सोसतो. दुसरं, फ्रीझरमध्ये एकेक लिटरच्या पाण्याच्या बंद बाटल्या कायम असू द्या. एक लिटर बर्फ ३०० लिटर पाण्याला साधारण ०.३५ अंश खाली आणतो. तीन बाटल्या संपमध्ये म्हणजे एक अंश, त्याहून जास्त एका वेळी नको.

शाखा_आणि_टोकं:

ॲक्रोपोराबद्दल लिहितो.

'पाणी स्थिर ठेवा' हे सगळेच सांगतात. किती स्थिर ते कोणी सांगत नाही. अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटांचं प्रमाण, एकक डीकेएच) दिवसाच्या चोवीस तासांत ०.५ डीकेएचपेक्षा जास्त हलू नये. ७.५ ते ८.५ मधला कुठलाही एक आकडा निवडा आणि तिथेच राहा. कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० ते १३५०, खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५). रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणावरच तपासा. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१. दोन्ही शून्य दाखवत असतील तर ते कौतुकाचं नाही. तिथे ॲक्रोपोरा फिकट पडतो आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट्सचा चिकट तपकिरी थर येतो. नायट्रेट-फॉस्फेट कमी आणि अल्कलिनिटी १०-११ हा तर सर्वांत वाईट मेळ, त्यात टोकं जळतात.

टाकी रोज किती अल्कलिनिटी खाते ते काढायला डोसिंग (द्रव्यांची रोजची भर) थांबवून दोन दिवस एकाच वेळी मोजा. १०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला खायचा सोडा ३ ग्रॅम लागतो. ३०० लिटर खरं पाणी (दगड वजा, संप मिळवून) रोज ०.८ डीकेएच खात असेल तर ७.२ ग्रॅम. जितकी अल्कलिनिटी जाते त्याच प्रमाणात कॅल्शियमही जातं: १ डीकेएचमागे सुमारे ७ पीपीएम. म्हणजे इथे रोज ५.७ पीपीएम, त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ६.३ ग्रॅम. दोन्ही वेगळ्या बाटल्यांत विरघळवा आणि दिवसभरात ८-१० हप्त्यांत, एकमेकांपासून निदान अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. एकत्र पडले तर तिथेच पांढरा गाळ धरतो. बेकिंग पावडर चालत नाही, त्यात आम्ल मिसळलेलं असतं. पीएच कमी राहत असेल तर तोच खायचा सोडा पसरट भांड्यात ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर भाजा, सोडियम कार्बोनेट होतं. वजन ३७ टक्के घटतं, तेव्हा १०० लिटरला १ डीकेएचसाठी १.९ ग्रॅमच घ्या.

प्रकाश २५० ते ३५० पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप). दुकानातला फ्रॅग (कोरलचा कापलेला लहान तुकडा) कमी प्रकाशात असतो, म्हणून आधी खाली वाळूजवळ ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत वर न्या. प्रवाह जोरात पण सैरभैर हवा. एकाच बाजूने पंपाची धार सतत लागली तर त्या बाजूची कातडी सोलते.

आता पावसाळ्याची गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. बरेच जण चुन्याच्या निवळीने, म्हणजे काल्कवासरने, उडालेल्या पाण्याची भर घालतात. लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, वरची निवळीच घ्यायची. एक लिटर निवळी ३०० लिटरमध्ये साधारण ०.३८ डीकेएच देते. मार्चमध्ये पंखा चालू असताना रोज ४ लिटर पाणी उडतं, म्हणजे १.५ डीकेएच मिळतात. जुलैत हवा दमट, पंखा बंद, चिलर चालू. उडतं दीड लिटर, मिळतात ०.६. कोरल तेवढाच खातो. आठवड्याभरात अल्कलिनिटी सहाच्या खाली जाते आणि लोक म्हणतात, काही बदललंच नव्हतं. पाऊस सुरू झाला की रोज मोजा आणि तूट सोड्याने भरा.

गिरगावकर_सुहास:

मोलाची माहिती. दादा, काल्कवासर म्हणजे चुनाच ना? मग पानाच्या गादीवरचा चुना चालेल का?

शाखा_आणि_टोकं:

मूळ पदार्थ तोच आहे, पण वापरू नका. पानाचा चुना दगडाचा की शिंपल्यांचा, त्यात मॅग्नेशियम किती, इतर धातू किती, मऊ राहावा म्हणून काय घातलंय, यातलं काहीच कळत नाही. शिवाय तो ओला असतो, वजनावर भरवसा ठेवता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाची कोरडी पावडर घ्या आणि डबा घट्ट बंद ठेवा. उघडा राहिला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिचा निरुपयोगी कार्बोनेट होतो. निवळीचा पीएच १२.४ असतो. डोळ्यात जाऊ देऊ नका आणि टाकीत थेंबाथेंबानेच सोडा. टॉप-ऑफचा, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा, फ्लोट अडकून सगळं एकदम पडलं तर टाकी दुधासारखी होते आणि मासे आधी मरतात. म्हणून निवळीच्या पिंपात दोन-तीन दिवसांपुरतंच पाणी भरावं.

प्राची_ठाणे:

गोनिओपोराबद्दल मी लिहिते.

आधी ओळख पक्की करा. पॉलिपच्या (कोरलमधल्या एकेका फुलासारख्या जीवाच्या) तोंडाभोवती २४ बोटं असली तर गोनिओपोरा, १२ असली तर अल्व्हिओपोरा. दुकानात दोन्ही 'फ्लॉवरपॉट' म्हणून विकले जातात. गोनिओपोरातही फरक आहे. लांब देठांचा हिरवा, वाळूवर सुटा बसणारा गोळा, म्हणजे गोनिओपोरा स्टोकेसी, हा सर्वांत वाईट टिकतो. आखूड देठांचे लाल-जांभळे प्रकार, विशेषतः दुसऱ्या टाकीत वाढवून कापलेले फ्रॅग, बऱ्यापैकी जगतात. पहिला गोनिओपोरा घ्यायचा तर असा फ्रॅग घ्या, अख्खी रानातली वसाहत नको.

हा कोरल स्वच्छ निळ्या पाण्यातला नाही. कच्छच्या आखातातल्या गढूळ पाण्यात तो निसर्गतः वाढतो. तिथे पाण्यात सतत बारीक कण तरंगत असतात, आणि घरी आपण स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), सॉक (गाळणपिशवी) आणि कार्बन लावून तेच काढून टाकतो. त्याच्यात शैवालं असतात, त्यामुळे नुसत्या उजेडावर तो काही महिने तग धरतो. साठा संपला की ढासळतो. म्हणून 'सहा महिने छान होता, मग अचानक गेला' ही तक्रार येते. त्यात अचानक काही नसतं.

खाद्य ५० ते २०० मायक्रॉनचं हवं: रोटिफर (अतिसूक्ष्म प्राणी) किंवा कोरलसाठी मिळणारी बारीक पूड. मायसिस (कोळंबीसारखा लहान जीव) त्याच्या तोंडात जात नाही. आठवड्यातून तीनदा, १०० लिटरला चिमूटभर पूड टाकीच्याच पाण्यात कालवा, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि स्किमर बंद करा, ड्रॉपरने पॉलिपांवर अलगद सोडा, १५-२० मिनिटांनी पंप सुरू करा. स्किमर दोन तास उशिरा लावला तरी चालतं. नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.१ पर्यंत त्याला चांगलं मानवतं.

प्रकाश ७५ ते १५० पार पुरे. प्रवाह इतका की देठ डुलले पाहिजेत पण आडवे पडता कामा नयेत. चारही बाजूंना १५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, फुलल्यावर तो शेजाऱ्याला लागतो आणि दोघांचंही नुकसान होतं. सूक्ष्म द्रव्यांत मँगनीज आणि लोहाचा फायदा दीर्घकाळ पाळणारे लोक सांगतात. आयसीपी तपासणीशिवाय (पाण्यातल्या धातूंच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय) ते घालू नये असं मी ठामपणे म्हणेन, कारण जास्त झालेला धातू बाहेर काढणं कठीण असतं.

बघायचं काय? पॉलिप एक दिवस मिटले तर घाबरू नका. पण सलग आठवडाभर निम्मेच बाहेर येत असतील, किंवा खालच्या कडेला सांगाड्याच्या धारा दिसू लागल्या, तर झीज सुरू झाली आहे. तपकिरी, सडका, जेलीसारखा थर दिसला तर त्याच तासाला हालचाल करा. पंप बंद करून तो थर नळीने शोषून घ्या, टाकीत पसरू देऊ नका. कोरल बादलीत काढा, आजारी भाग निरोगी भागातून निदान एक सेंटीमीटर आत घेऊन छाटा, आयोडीनच्या कोरल-डिपमध्ये बाटलीवरच्या प्रमाणात बुडवा आणि वेगळ्या टाकीत ठेवा.

मीनल_गोरेगाव:

खारफुटी, चिलरचं कळलं, धन्यवाद. सूर्यप्रवाळाबद्दल कोणी सांगेल का? त्याला प्रकाश लागत नाही म्हणतात, मग तो अवघड का?

दर्याकिनारा:

प्रकाश लागत नाही हेच त्याचं अवघडपण. ट्यूबास्ट्रियाच्या, म्हणजे सूर्यप्रवाळाच्या, अंगात शैवालं नाहीत, म्हणजे त्याला फुकटचं जेवण नाही. प्रत्येक पॉलिपला स्वतंत्र तोंड आहे आणि प्रत्येकाला भरवावं लागतं. पॉलिपांना जोडणारी कातडी पातळ असते. एकाने खाल्लेलं दुसऱ्यापर्यंत फारसं पोचत नाही. तीस पॉलिपांच्या गोळ्यात वीस खात असतील तर बाकीचे दहा हळूहळू आकसतात.

पद्धत अशी. आठवड्यातून तीनदा, दिवे मंदावल्यावर. आधी मायसिस वितळवलेलं थोडं पाणी त्याच्याजवळ सोडा. वासाने १५-२० मिनिटांत पॉलिप उघडतात. नवा, उपाशी गोळा उघडत नसेल तर रोज ठरलेल्या वेळी हेच करत राहा, चारपाच दिवसांत बहुतेक उघडतात. मग पंप बंद. एक लिटरच्या प्लॅस्टिक बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून कोरलवर घुमटासारखा ठेवा, झाकणाच्या तोंडातून ड्रॉपरने प्रत्येक पॉलिपला एक-दोन मायसिस द्या. पंधरा मिनिटांनी उरलेलं शोषून घ्या आणि मग घुमट काढा. घुमट नसला तर कोळंबी आणि मासे पॉलिपच्या तोंडातून घास ओढून काढतात, त्यात पॉलिप फाटतो.

गोठवलेलं मायसिस महाग पडतं. ताजा जवळा उत्तम पर्याय आहे. मासळीबाजारात सकाळी लवकर जा, कोळीणमावशींना बर्फात फार वेळ न राहिलेला मागा. आरओच्या पाण्यात तीनदा धुवा, मोठा असला तर कापून पातळ थरात पिशवीत गोठवा आणि लागेल तेवढाच तुकडा मोडून घ्या. सुका जवळा अजिबात नको. त्यात मीठ, वाळू आणि सडलेले अवशेष असतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजा कमी मिळतो, त्यामुळे मे महिन्यातच साठा करून ठेवा.

एवढ्या खाद्याने फॉस्फेट वाढतं. १०-१५ टक्के पाणी दर आठवड्याला बदला, स्किमर टाकीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या. ॲक्रोपोरा आणि सूर्यप्रवाळ एकत्र नको हे म्हणतो ते यासाठी.

खारफुटी:

डेंड्रोनेफ्थियाबद्दल थोडक्यात: घेऊ नका. गुलाबी-केशरी झुपका फार देखणा असतो आणि तो मऊ कोरलांच्या यादीत असल्यामुळे सोपा वाटतो. १९९५ साली लाल समुद्रातल्या एका अभ्यासात दिसलं की त्याचं मुख्य अन्न वनस्पतिप्लवक आहे, म्हणजे प्रवाहातून अखंड येणारे अतिसूक्ष्म एकपेशीय जीव. दिवसातून दोनदा बाटलीतलं फायटोप्लँक्टन घालून त्याचं भागत नाही. अखंड डोसिंग करावं तर ३०० लिटर पाणी ते ओझं पेलत नाही. दोन-तीन महिन्यांत झुपका आकसत जातो. घरगुती टाकीत तो उपाशी मरतो असंच धरून चाला. स्क्लेरोनेफ्थियाचंही तेच.

एलिगन्स, म्हणजे कॅटालाफिलिया, निवडतानाच सगळं ठरतं. मधला भाग फुगलेला आणि भोवतालची बोटं आखडलेली, टोकं गोळा झालेली, असा दिसला तर सोडून द्या. तो आजार सहसा परतत नाही. चांगला मिळाला तर वाळूवर ठेवा, १०० पारच्या आसपास प्रकाश आणि संथ प्रवाह द्या. दगडावर ठेवू नका, फुगताना कडेला घासून फाटतो. आठवड्यातून एकदा कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा दिला की पुरे.

गिरगावकर_सुहास:

ॲक्रोपोराचा एक फ्रॅग काल रात्री बुंध्यापासून पांढरा होऊ लागला, सकाळपर्यंत निम्मा गेला. पाणी मोजलं: अल्कलिनिटी ८.१, तापमान २६.४, नायट्रेट ८. शेजारचे सगळे ठीक आहेत. आता काय करू?

शाखा_आणि_टोकं:

सुहास, तासातासाने कातडी गळते आहे म्हणजे आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस, झपाट्याने कातडी मरणं). बुंधा वाचत नाही, टोकं वाचवा. पांढऱ्या रेषेच्या निदान दीड-दोन सेंटीमीटर वरून, निरोगी भागातून, कटरने टोकं तोडा. जेवढे तुकडे निघतील तेवढे वेगवेगळे करा, एकावर भिस्त ठेवू नका. आयोडीन-डिप, टाकीच्या पाण्यात धुणं, नव्या प्लगवर (फ्रॅगच्या लहान बैठकीवर) जेल सुपरग्लूने चिकटवणं, मध्यम प्रकाश आणि चांगला प्रवाह. जुना बुंधा टाकीतून काढा.

शेजारी ठीक आहेत म्हणून पाण्यावर संशय कमी. एकच फ्रॅग गेला तर मी आधी बुंध्याची खालची बाजू भिंगातून बघेन. तपकिरी, गोलसर अंड्यांचे पुंजके उघड्या सांगाड्यावर दिसले, किंवा कातडीवर बारीक गोल फिकट डाग दिसले, तर ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी आहेत. ते पारदर्शक असतात आणि कोरलचाच रंग घेतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मोठ्या ड्रॉपरने जोरात पाणी मारलं की सुटून पडतात, खाली पांढरी थाळी धरा.

प्राची_ठाणे:

इथे क्वारंटाइनचा मुद्दा येतोच. डिपने मोठे कृमी मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून नवा ॲक्रोपोरा आला की त्याचा प्लग तोडून फेका, बुंध्याचा मृत भाग कापा, नव्या प्लगवर लावा. वेगळ्या टाकीत निदान सहा आठवडे ठेवा आणि दर पाच-सात दिवसांनी डिप करा, म्हणजे अंड्यांतून निघालेली पिल्लं पुन्हा अंडी घालण्याआधी सापडतात. ४० लिटरची काचेची टाकी, एक वेव्हमेकर, एक साधा एलईडी एवढं पुरतं. फक्त तिचंही तापमान सांभाळावं लागतं. मुख्य चिलरच्या पाण्यात ती जोडू नका, मग वेगळं ठेवण्याला अर्थ राहत नाही. एसीची खोली असेल तर तिथे ठेवा.

माँटिपोरा या पानांसारख्या वाढणाऱ्या कोरलवर पांढरे, झालरीसारखे न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई) येतात, त्यांचंही हेच. त्यांची अंडी पानांच्या खालच्या बाजूला असतात.

खारफुटी:

पाण्याबद्दल लिहायचं राहिलं. पालिकेचं पाणी तलावांचं असल्याने टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कमी असतो आणि लोक समजतात की तेच चालेल. क्लोरीन, सिलिकेट, इमारतीच्या पाइपमधलं तांबं-पितळ, हे टीडीएसच्या आकड्यात दिसत नाही. स्वयंपाकघरातला आरओही चालत नाही. त्यात चवीसाठी खनिजं परत मिसळणारी झडप किंवा कार्ट्रिज असते. सेडिमेंट, कार्बन, मेंब्रेन आणि शेवटी डीआय राळ (उरलेले क्षार शोषणारी) असा संच हवा, बाहेर ० टीडीएस. १ दिसू लागला की राळ बदला, १० ची वाट पाहू नका. पावसाच्या पहिल्या महिन्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा सेडिमेंट फिल्टर एरवीच्या निम्म्या काळात भरतो. सोसायटीत टँकर आला तर त्या दिवशी पाणी बनवू नका. बोअरचं पाणी असेल तर राळ काही दिवसांत संपते.

समुद्राचं पाणी आणण्याबद्दल दरवेळी विचारलं जातं. मुंबईच्या किनाऱ्याचं नको: सांडपाणी, गाळ, पावसाळ्यात घसरलेला खारटपणा. मीठ मिसळूनच पाणी बनवा, २४ तास फिरवा, तापमान आणि खारटपणा टाकीइतका झाला की वापरा.

दर्याकिनारा:

पावसाळ्यातल्या आणखी दोन धोक्यांकडे लक्ष असू द्या. एक धुराची फवारणी. डासांसाठी इमारतीत फवारणी होते त्यात बहुधा पायरेथ्रॉइड कीटकनाशकं असतात, आणि घरातल्या लिक्विड मशीनमध्येही तीच जात. कोळंबी, खेकडे आणि ॲक्रोपोरात राहून त्याचं रक्षण करणारे टेट्रालिया खेकडे यांना ते फार थोड्या मात्रेतही मारतं. स्किमर खोलीतली हवा सतत पाण्यात घुसळतो, म्हणून फवारणीच्या वेळी स्किमर आणि एअर पंप बंद, खिडक्या बंद, टाकीवर चादर आणि संपमध्ये ताजा कार्बन. वास पूर्ण गेल्यावरच स्किमर सुरू करा, तोवर पाण्याचा पृष्ठभाग वेव्हमेकरने हलता ठेवा.

दुसरा धोका पीएच. खिडक्या बंद, घरात चार-पाच माणसं, गॅस चालू. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच ७.८ च्या खाली जातो. कोरल मरत नाही, पण वाढ मंदावते. स्किमरच्या हवेची नळी खिडकीबाहेर काढली की बहुतेक वेळा ८.१ पर्यंत परत येतो. ती फवारणीच्या दिवशी आत घ्यायला विसरू नका.

रविकिरण_मुलुंड:

सगळं वाचतोय. एक शंका: हे कोरल आपल्याकडे कायदेशीर आहेत का? क्रॉफर्ड मार्केटला विचारलं तर प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो.

प्राची_ठाणे:

दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे स्क्लेरॅक्टिनियन म्हणजे दगडी कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. आपल्या समुद्रातला तुकडा, अगदी किनाऱ्यावर पडलेला मेलेला सुद्धा, उचलू नये. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती परवानगी घेऊन हलवाव्या लागल्या, यावरून संरक्षण किती कडक आहे ते कळेल. ॲक्रोपोरा, गोनिओपोरा, ट्यूबास्ट्रिया, एलिगन्स हे सगळे दगडी कोरलच. ते साइट्सच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टातही आहेत, म्हणून बाहेरून येताना निर्यातदार देशाचा परवाना लागतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून साइट्समधल्या प्राण्यांच्या नोंदणीचंही कलम आहे.

म्हणून पैसे देण्याआधी आयातीची कागदपत्रं आणि प्रजातीचं नाव लिहिलेलं बिल मागा, आणि ती घेऊन वनविभागाला लेखी विचारा. कागद नसतील तर घेऊ नका. सार्कोफायटन, सिन्युलॅरिया, झोअँथिड, मशरूम हे मऊ प्रकार त्या यादीत नाहीत. मुंबईच्या उकाड्यात टाकी वर्षभर स्थिर ठेवायला शिकायचं तर त्यांच्यावर शिकणं सर्वांत बरं.

मीनल_गोरेगाव:

मग मी सार्कोफायटन आणि झोअँथिडपासूनच सुरुवात करते. शेवटचं एक: वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय काय घ्यावं? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी गेली ती कित्येक ठिकाणी तासन्‌तास आली नव्हती.

खारफुटी:

आधी पाणी हलतं ठेवणं, बाकी सगळं नंतर. वीज गेल्यावर पहिला ऑक्सिजन संपतो, आणि पाणी जितकं गरम तितकं लवकर. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर घ्या, तोंड पृष्ठभागाकडे वळवलेला. दिवे, चिलर, स्किमर नको. इन्व्हर्टर नसेल तर १० वॅटचा डीसी वेव्हमेकर १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीवर साधारण चार तास चालतो, बॅटरी निम्म्याखाली न उतरवता. व्होल्टेज जुळतं का ते घेण्याआधी बघा, बरेच डीसी पंप २४ व्होल्टचे असतात. त्याशिवाय बॅटरीवरचा एअर पंप, सेलसकट, टाकीच्या कपाटात असावा.

रिटर्न पंप (संपमधून पाणी टाकीत परत नेणारा) थांबल्यावर पाइपातून किती पाणी संपमध्ये उतरतं ते आजच पंप बंद करून बघा आणि त्या पातळीवर खूण करा. संपची रोजची पातळी त्या हिशेबाने ठेवा, नाहीतर पाणी खालच्या मजल्यावर जाईल. वीज आली की चिलर लगेच सुरू होऊ देऊ नका. पाच-सात मिनिटं थांबणारा टायमर लावला तर कॉम्प्रेसर वाचतो.